दोन कोरे रकाने

बेसबॉल मला आवडत नसे, हे आधीच सांगून टाकतो. आपल्यापैकी बहुतेकांची गोष्ट तीच असावी. इथे आल्यावर पहिल्या एक-दोन वर्षांत ऑफिसातल्या कुणाच्या तरी आग्रहाखातर आपण एकदा मैदानावर जातो, शेंगदाणे सोलत बसतो, आणि "छे, क्रिकेटची सर नाही" असा शेरा मारून घरी येतो. मीही तो मारला होता. पुढे मला या खेळाकडे वळवलं ते माझ्या वडिलांनी, आणि तेही खेळापायी नव्हे, त्याच्या हिशेबापायी.

आम्ही नेपरव्हिलला आलो ते १९८३ साली. तेव्हाचं नेपरव्हिल आजच्यासारखं नव्हतं. १९८० च्या जनगणनेत गावाची वस्ती जेमतेम ४२ हजार होती. २०२० मध्ये ती दीड लाखाला टेकली. इंडियन हिलला बेल लॅब्ज होती, अ‍ॅमोकोचं संशोधन केंद्र होतं, त्यामुळे आपली इंजिनिअर मंडळी हळूहळू जमू लागली होती. पण रस्त्यापलीकडे मक्याची शेतं सुरू होत, आणि कोथिंबिरीसाठी शिकागोत डिव्हॉन अ‍ॅव्हेन्यू गाठावा लागे. १९८४ च्या एप्रिलात आई आणि नाना चार महिन्यांसाठी आले. आईला नातवंडं होती. नानांना काहीच नव्हतं. पुण्यात बँकेतली नोकरी संपलेली, गाडी चालवता येत नाही, बोलायला माणूस नाही. दुपारी खिडकीशी बसून रस्त्यावरून जाणाऱ्या गाड्या ते मोजत. मोजत म्हणजे खरोखरच मोजत, कागदावर पाच-पाचचे जुडगे करून.

नाना आयुष्यभर दोन ठिकाणी आकडे लिहीत आले. आठवडाभर बँकेच्या खतावणीत, आणि रविवारी क्लबांच्या सामन्यांच्या स्कोअरबुकात. स्वतः बरं खेळत नसत. "मला बॅट धरता येत नाही, पेन्सिल धरता येते," असं म्हणत. तेव्हा शेजारच्या म्हातारबांनी, जे रेल्वेतून निवृत्त झालेले आणि व्हाइट सॉक्सचे कट्टर भक्त होते, कुंपणावरून एक कोरा स्कोअरकार्डचा कागद नानांच्या हातात दिला, तेव्हा त्यांना काय वाटलं असेल याची कल्पना करा. दोघांचं इंग्रजी एकमेकांना निम्मंच कळे. पण तीन आठवड्यांत, गॅरेजच्या दारात रेडिओ ठेवून, नाना बेसबॉलची नोंद करायला शिकले.

ती नोंद कशी असते, ते थोडक्यात सांगतो. क्षेत्ररक्षणाच्या नऊ जागांना नऊ आकडे आहेत. पिचर १, कॅचर २, पहिला तळ ३, दुसरा ४, तिसरा ५, शॉर्टस्टॉप ६, आणि मागचे तिघे ७, ८, ९. चेंडू शॉर्टस्टॉपने अडवला, दुसऱ्या तळावर दिला, तिथून पहिल्या तळावर गेला आणि दोन गडी बाद झाले, तर लिहायचं ६-४-३. एवढ्या तीन आकड्यांत चेंडूचा सगळा प्रवास आला. आपल्या स्कोअरबुकात 'झे. अमुक गो. तमुक' एवढंच येतं. झेल पळत जाऊन घेतला की हातात येऊन पडला, कुठे उभं राहून घेतला, कळत नाही. "हे लोक चेंडूची पावती फाडतात," असं नाना म्हणाले.

या पद्धतीचा जनक हेन्री चॅडविक हा जन्माने इंग्रज. १८२४ साली एक्झिटरला जन्मला, बारा-तेरा वर्षांचा असताना घरच्यांबरोबर ब्रुकलिनला आला, आणि मोठा झाल्यावर वर्तमानपत्रांसाठी क्रिकेटच्या सामन्यांच्या बातम्या लिहू लागला. म्हणजे आपल्यासारखाच परदेशातून आलेला आणि क्रिकेट डोक्यात घेऊन आलेला. १८५६ च्या सुमारास क्रिकेटचा सामना आटोपून परतताना त्याने बेसबॉल पाहिला, आणि या नव्या खेळाला त्याने क्रिकेटच्या धावफलकाचा अंगरखा चढवला. तोच पुढे बॉक्स स्कोअर झाला. तीन स्ट्राइक घेऊन बाद होणाऱ्यासाठी आजही जो इंग्रजी 'के' लिहितात, तो त्याचाच. 'एस' आधीच दुसऱ्या कामाला लागला होता. त्याचा थोरला सावत्र भाऊ एडविन चॅडविक म्हणजे इंग्लंडातल्या सार्वजनिक आरोग्याच्या कायद्यांमागचा गृहस्थ. १८४२ साली त्याने कामकरी वस्त्यांतली घाण आणि मृत्यू यांचे आकडे सरकारपुढे ठेवले. एका भावाने गटारं मोजली, दुसऱ्याने चेंडू. घरातच खोड होती म्हणायची.

पण नानांना खरी भुरळ पडली ती ताळ्याच्या नियमाची. बेसबॉलच्या नियमावलीतच लिहिलं आहे की बॉक्स स्कोअर जुळला पाहिजे, म्हणजे आपल्या भाषेत ताळेबंद लागला पाहिजे. एका बाजूला संघाचे जेवढे फलंदाज पाटीवर आले तेवढे सगळे: ज्यांनी फटक्याचा प्रयत्न केला ते, ज्यांना चार बॉलवर फुकट तळ मिळाला ते, ज्यांना चेंडू लागला ते, ज्यांनी दुसऱ्यासाठी स्वतःचा बळी दिला ते. दुसऱ्या बाजूला त्या संघाच्या धावा, तळांवर अडकून राहिलेले गडी, आणि प्रतिपक्षाने बाद केलेले गडी. दोन्ही बेरजा एक आल्याच पाहिजेत. कारण पाटीवर आलेला माणूस एक तर घरी पोचतो, नाही तर वाटेत अडकतो, नाही तर बाद होतो. चौथी गत नाही. बँकेत आयुष्य काढलेल्या माणसाला हे कळायला दुभाष्या लागला नाही.

आता त्या सामन्याकडे येतो. ८ मे १९८४, मंगळवार. शिकागोच्या कोमिस्की पार्कवर व्हाइट सॉक्स विरुद्ध मिलवॉकी ब्रूअर्स. गॅरेजमध्ये रेडिओ, दोन खुर्च्या, नानांच्या मांडीवर फळी आणि कागद. नवव्या डावात व्हाइट सॉक्स दोन धावांनी मागे होते आणि समोर रॉली फिंगर्ससारखा नाणावलेला पिचर. तरी त्यांनी दोन धावा काढून ३-३ अशी बरोबरी साधली. बेसबॉलमध्ये बरोबरी चालत नाही, त्यामुळे जादा डाव सुरू झाले. दहावा, अकरावा, बारावा. कुणाचीच धाव होईना. मी अकराच्या सुमारास झोपायला गेलो. अमेरिकन लीगचा तेव्हा नियम होता की रात्री १२.५९ नंतर नवा डाव सुरू करायचा नाही. सतरा डाव झाले तेव्हा एक वाजून गेला होता; खेळ तहकूब झाला आणि उरलेला दुसऱ्या दिवसावर गेला.

सकाळी चहाच्या वेळी पाहतो तर नाना कागदाकडे खट्टू होऊन बघत बसलेले. तेरा डाव नीट लिहिलेले, सोळावा आणि सतरावा लिहिलेले, आणि मधले चौदावा-पंधरावा हे दोन रकाने कोरे. खुर्चीतच त्यांचा डोळा लागला होता. मी म्हणालो, "अहो नाना, पेपरात येईल की. त्यावरून भरून टाका. शेजारच्यांनाही विचारता येईल."

"अरे, मी ऐकलं नाही ते मी कसं लिहीन?"

"पण काय झालं ते तर माहीत आहे. धाव झाली नाही."

"धाव झाली नाही एवढं माहीत आहे. बाद कसे झाले ते माहीत नाही."

तेव्हा मला हा हट्टीपणा वाटला. थोडा रागही आला, खोटं कशाला बोलू. घरातल्या गॅरेजमधला एक कागद, त्याला कोण ऑडिटर विचारणार होता?

दुसऱ्या दिवशी, बुधवारी संध्याकाळी, शेजारी आम्हा दोघांना आपल्या गाडीतून कोमिस्की पार्कला घेऊन गेले. एका तिकिटात आदल्या दिवशीचा उरलेला सामना आणि त्या दिवशीचा ठरलेला सामना, असं दोन्ही. एकविसाव्या डावात मिलवॉकीच्या बेन ओग्लिव्हीने तीन धावांचा होमरन मारला आणि लोक उठून जायला लागले. व्हाइट सॉक्सनी त्याच डावात तीन धावा काढून पुन्हा बरोबरी केली आणि लोक परत येऊन बसले. तेविसाव्या डावात सामना संपायचाच; पण डेव्ह स्टेगमन तिसऱ्या तळावरून वळताना अडखळला, आणि प्रशिक्षक जिम लीलँड यांचा त्याला हात लागला म्हणून पंचांनी त्याला बाद दिलं. मोठी हुज्जत झाली. शेवटी पंचविसाव्या डावात, एक गडी बाद असताना, हॅरॉल्ड बेन्सने चक पोर्टरच्या चेंडूवर होमरन मारला. ७-६. एकूण खेळ ८ तास ६ मिनिटं. अमेरिकेतल्या मोठ्या लीगमध्ये वेळेच्या हिशेबाने याहून लांब सामना आजवर झालेला नाही. कार्लटन फिस्क हा कॅचर पंचवीसच्या पंचवीस डाव उकिडवा बसून होता. माझे गुडघे तेव्हा तिशीतले होते, तरी मला ते बघवेना.

गुरुवारच्या पेपरात बॉक्स स्कोअर आला. नानांनी लाल पेन्सिल घेतली आणि बेरजा मांडल्या. मिलवॉकीचे २५ डाव पूर्ण, म्हणजे त्यांचे ७५ गडी बाद. शिकागोचा पंचविसावा डाव एका बळीवर संपला, म्हणजे २४ त्रिक ७२ आणि एक, ७३. म्हणूनच मिलवॉकीच्या पिचरांच्या नावावर २५ नव्हे, २४ पूर्णांक एक-तृतीयांश डाव. दोन्ही बाजू जुळल्या. "आठ तास, दोन रात्री, आणि एक माणूस इकडचा तिकडे नाही," असं म्हणून त्यांनी चष्मा काढून पुसला.

नंतर त्यांनाच एक गंमत सापडली. टॉम सीव्हर हा एकोणचाळीस वर्षांचा नामांकित पिचर त्या बुधवारी पंचविसाव्या डावात आला आणि विजय त्याच्या नावावर लागला. मग लगेच ठरलेल्या सामन्यात सुरुवातीपासून पिचिंग करून त्याने तोही ५-४ असा जिंकून दिला. एका संध्याकाळी दोन विजय. पण तहकूब सामन्याचे सगळे आकडे ज्या दिवशी सामना सुरू झाला त्या तारखेला टाकायचे, असा नियम आहे. म्हणून दप्तरी सीव्हरचा पहिला विजय ८ मेचा. मंगळवारी हा बाबा मैदानात उतरलाच नव्हता! नोंद चुकीची नाही, नियमाप्रमाणे आहे. पण नुसती नोंद वाचणाऱ्याला तो कधी खेळला ते कळणार नाही.

यावरून नानांनी मला १८ डिसेंबर १९४८ चा किस्सा पुन्हा एकदा ऐकवला. लहानपणापासून पन्नासदा ऐकलेला. पूना क्लबच्या मैदानावर महाराष्ट्र विरुद्ध काठेवाड, रणजी सामना. काठेवाडच्या २३८ ला उत्तर देताना महाराष्ट्राच्या ४ बाद ८२६, आणि कोल्हापूरचे भाऊसाहेब निंबाळकर ४४३ वर नाबाद. ब्रॅडमनचा ४५२ चा जागतिक विक्रम नऊ धावांवर. खेळाच्या विश्रांतीत काठेवाडचे कप्तान, राजकोटचे ठाकूरसाहेब, यांनी पुढे खेळायला नकार दिला आणि संघ सामना सोडून गेला. नाना त्या दिवशी तिथे होते. "स्कोअरबुकात ४४३ नाबाद आहे. का नाबाद, ते नाही," असं ते म्हणत. निंबाळकर २०१२ साली गेले. एकही कसोटी त्यांच्या वाट्याला आली नाही.

बेसबॉलच्या नोंदीत मात्र 'का' लिहायला एक छोटीशी जागा आहे. ती म्हणजे एरर. सोपा चेंडू हातातून सुटला आणि फलंदाज वाचला, तर ते त्याच्या नावावर जमा होत नाही. क्षेत्ररक्षकाच्या नावे पडतं. आपल्याकडे झेल सोडणाऱ्याचं नाव गावभर होतं, पण स्कोअरबुकात कुठेच नसतं. अर्थात, सोपा कशाला म्हणायचं हे कुणीतरी ठरवायला हवं, आणि ते ठरवतो अधिकृत स्कोअरर, एकटा, वर पत्रकारांच्या कक्षात बसून. पूर्वी हे काम वर्तमानपत्रांच्या बातमीदारांकडेच असे. म्हणजे एवढ्या काटेकोर खतावणीच्या मध्यभागी एका माणसाचं मत बसलेलं आहे. नानांना हे पटत नसे. मला त्यातच या नोंदीचा खरेपणा दिसतो. निदान मत आहे हे कबूल तरी केलेलं आहे.

चार महिन्यांनी नाना परत गेले. कागद आमच्या तळघरातल्या एका खोक्यात राहिला. नाना आता नाहीत, शेजारचे म्हातारबाही नाहीत. जुनं कोमिस्की पार्क १९९१ साली पाडलं. खोकं मात्र दोन घरं बदलूनही बरोबर आलं, आणि मी ते उघडलं २०२४ च्या मे महिन्याच्या अखेरीला. त्याला कारण झालं.

त्या आठवड्यात मेजर लीग बेसबॉलने कृष्णवर्णीयांच्या जुन्या लीगांचे, १९२० ते १९४८ या काळातले आकडे आपल्या अधिकृत दप्तरात मिळवून घेतले. गोऱ्या संघांची दारं बंद असल्यामुळे या खेळाडूंनी स्वतःच्या लीगा काढल्या होत्या. पहिली भक्कम लीग १९२० साली उभी केली ती शिकागो अमेरिकन जायंट्सच्या रूब फॉस्टरने, आणि त्याचं मैदान कोमिस्की पार्कपासून हाकेच्या अंतरावर होतं. खुद्द कोमिस्की पार्कवर १९३३ पासून त्यांचा ईस्ट-वेस्ट सामना भरे. १९४३ साली त्याला ५१ हजारांवर माणसं होती. म्हणजे नाना आणि मी ज्या मैदानात बसलो होतो, तिथेच. मला १९८४ साली यातलं अक्षरही माहीत नव्हतं.

या आकड्यांमुळे जॉश गिब्सन हा कॅचर ०.३७२ च्या सरासरीने टाय कॉबच्या ०.३६७ च्या वर, सर्वकालीन यादीत पहिला आला. गिब्सन १९४७ च्या जानेवारीत, वयाच्या पस्तिसाव्या वर्षी वारला. तीनच महिन्यांनी जॅकी रॉबिन्सन गोऱ्यांच्या लीगमध्ये खेळायला उतरला. हे आकडे आले कुठून? कृष्णवर्णीयांच्या साप्ताहिकांतून, शिकागो डिफेंडर, पिट्सबर्ग कुरिअर यांच्या जुन्या अंकांच्या मायक्रोफिल्ममधून. छंदिष्ट संशोधकांनी वर्षानुवर्षं एकेक बॉक्स स्कोअर वेचला. तरी त्या काळातले सुमारे तीन-चतुर्थांशच सामने हाती लागले आहेत. हॉल ऑफ फेममधल्या गिब्सनच्या पाटीवर जवळजवळ ८०० होमरन लिहिले आहेत; अधिकृत दप्तरात दोनशेच्या आतच आहेत, कारण गावोगाव फिरून खेळलेले सामने लीगचे नव्हते आणि कित्येकांचा कागदच नाही. यावर टीका झाली, दोन्हीकडून. काही म्हणाले, अपुऱ्या कागदावरून पहिला नंबर कसा देता? काही म्हणाले, आठशेचे दोनशे करून त्याला पुन्हा एकदा लुटलंत.

मी त्या वेळी नानांचा विचार करत होतो, आणि पळवणकर बाळूंचा. नाना बाळूंचे आकडे स्तोत्रासारखे म्हणत: ३३ प्रथम श्रेणी सामने, १७९ बळी, सरासरी १५.२१. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात सगळे सामने मिळून ११४ बळी. १८७६ साली जन्मलेले बाळू चांभार समाजातले. पुण्यातल्या युरोपियनांच्या क्लबात खेळपट्टी आखायला, रूळ फिरवायला नोकरीला होते, आणि सरावात साहेबांना चेंडू टाकत. ग्रेग नावाचा कप्तान आपल्याला बाद केल्याबद्दल दर वेळी आठ आणे देई, अशी कथा आहे. बॅट मात्र त्यांच्या हाती कुणी दिली नाही. पुढे पुण्याच्या हिंदूंनी संघात घेतलं ते जिंकण्यासाठी. चहाच्या वेळी बाकीचे पॅव्हेलियनमध्ये कपातून पीत आणि बाळूंना बाहेर, मातीच्या भांड्यात. १९०६ साली हिंदूंनी युरोपियनांना १०९ धावांनी हरवलं त्या संघात ते होते. १७९ बळींची मोजदाद सुरू होते तीच या सुमारास, म्हणजे वयाच्या तिशीच्या तोंडाशी. त्याआधीच्या वर्षांचा हिशेब कुठे नाही. आठ आणे प्रत्येकी या दराने ग्रेगसाहेबाकडे किती जमा झाले, ते एकट्या ग्रेगलाच ठाऊक.

गिब्सनच्या आकड्यांवरची ती भांडणं वाचताना माझं मत बनत गेलं, आणि ते दोन्ही बाजूंना न आवडणारं आहे. संशोधकांनी योग्य केलं. सापडलं ते लिहिलं, सापडलं नाही ते कोरं ठेवलं, आणि किती कोरं आहे हेही जाहीर केलं. आठशे हा आकडा आदराने लिहिलेला आहे, पण त्यामागे कागद नाही. आणि त्या आदरात एक सोय आहे: आठशे म्हटलं की हिशेब मिटल्यासारखा वाटतो. दोनशेच्या आत म्हटलं की बाकीचे कुठे गेले, कुणी लिहिले नाहीत, लिहिणाऱ्याला आत कुणी येऊ दिलं नाही, हे विचारावं लागतं. बाळूंचंही तसंच. तिशीपर्यंतचे त्यांचे बळी आपण अंदाजाने भरले, तर ज्यांनी ते लिहू दिले नाहीत त्यांची बाकी आपणच फेडून टाकल्यासारखं होईल.

माझी नात हायस्कूलच्या संघात सॉफ्टबॉल खेळते, आणि स्वतः खेळत नसेल तेव्हा टॅबलेटवर संघाची नोंद ठेवते. तिला मी नानांचा कागद दाखवला. ६-४-३ तिने झटक्यात वाचलं. पणजोबांचं अक्षर तिला वाचता आलं, याचं मला जरा जास्तच अप्रूप वाटलं. मग बोट त्या दोन रकान्यांवर.

"आबा, हे का रिकामं?"

मी सांगितलं. तिने मान हलवली आणि पाचच मिनिटांत टॅबलेटवर तो सामना काढला. डेलावेअर विद्यापीठातल्या डेव्हिड स्मिथ नावाच्या जीवशास्त्राच्या प्राध्यापकाने १९८९ साली रेट्रोशीट नावाची संस्था सुरू केली. जुन्या सामन्यांच्या प्रत्येक चेंडूफळीची नोंद गोळा करून ती फुकट वाटायची, हा तिचा उद्योग. चाळीस वर्षांपूर्वीच्या त्या रात्रीचा चौदावा आणि पंधरावा डाव, कोण आला, कसा बाद झाला, सगळं तिथे होतं. तिने पेन्सिल उचलली.

मी तिला कोरा कागद दिला. तिने दोन्ही डाव त्यावर नीट उतरवले, कोपऱ्यात त्या दिवसाची तारीख आणि आपलं नाव घातलं, आणि तो कागद नानांच्या कागदाला टाचणीने जोडला.